मेरिट, मेरिट म्हणणाऱ्या माझ्या एच-वनवाल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र २०२५ च्या सप्टेंबरातच लिहायला हवं होतं. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, एच-वनवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीसाठी कंपनीमार्फत मिळणाऱ्या व्हिसावर, एक लाख डॉलर फीचा हुकूम निघाला आणि आपल्या सगळ्या ग्रुपांवर नुसता आकांत झाला. कोणी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात, कोणी बहिणीच्या साखरपुड्याला नाशिकला, आणि सगळे रविवारच्या आत परत यायची तिकिटं शोधत होते, मिळेल त्या भावात. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. त्या एका रात्रीत माणसाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको, मी स्वतः बारा वर्षं त्या व्हिसावर काढलीत.

पण जीव भांड्यात पडल्यावर जे मेसेज सुरू झाले ते वाचून मला झोप लागली नाही. हे अमेरिकन लोक आळशी आहेत, यांच्या पोरांना पाढे येत नाहीत, आपण मेरिटवर आलोय, आपण परत गेलो तर यांचा देश एका आठवड्यात बंद पडेल. त्याच्या आधी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्पचे साथीदार इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एच-वनच्या बाजूने बोलले आणि त्यांच्याच बाजूचे लोक त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हाही आपल्याकडे हीच टेप वाजत होती. दोन्ही वेळा मी गप्प बसले. चांगले लोक आहेत सगळे, अडीनडीला धावून येणारे, कशाला वाद, असं वाटलं. आता वाटत नाही.

आधी माझं सांगते. मी २००६ च्या ऑक्टोबरात आले. व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी मुंबईत ब्रीच कँडीच्या अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर पावसात रांगेत उभी होते, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेली. पहिलंच प्रोजेक्ट कनेटिकटमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत, मेनफ्रेमचे मोठे कॉम्प्युटर, त्यावर कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा. क्लेम्सची रात्रीची बॅच चालायची, एकामागून एक जॉब, आणि त्यातला एखादा रात्री अडीचला अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की कोणाला उठवायचं, कुठली स्टेप सोडून रिस्टार्ट करायचं, महिनाअखेरीला कुठली फाइल हमखास उशिरा येते, हे सगळं एका बाईंच्या डोक्यात होतं. पंचवीसेक वर्षं त्या तिथेच होत्या. त्यांच्याकडून मला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, त्यांचं काम शिकून घ्यायचं होतं, दहा आठवडे.

मला आधी वाटलं त्या दुसऱ्या टीममध्ये चालल्यात. दुसऱ्या आठवड्यात आमच्या लीडने सांगितलं की त्यांची पूर्ण टीमच जाणार आहे, आणि केटी नीट झाली असं आमच्या बाजूने लिहून दिलं तरच त्यांना सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारे पैसे, मिळणार. म्हणजे मी, एकोणतीस वर्षांची, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी विमानातून उतरलेली, पंचवीस वर्षं काम केलेल्या बाईंच्या पैशाच्या कागदावर सही करणार.

त्या बाईंनी एकदाही काही लपवलं नाही. त्यांची एक स्पायरल वही होती, दर जॉबपुढे त्यांच्या बारीक अक्षरात काय बिघडतं आणि काय करायचं ते लिहिलेलं, ती वही त्या रोज माझ्याबरोबर पान पान वाचायच्या. नोव्हेंबरात माझ्या पायातले बूट बघून म्हणाल्या या बुटांवर इथला हिवाळा निघायचा नाही, आणि लंचच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीतून मला दुकानात घेऊन गेल्या. शेवटच्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. मी थँक्यू म्हणाले. सॉरी म्हणाले नाही. आणि त्या दहा आठवड्यांत आम्ही कॅफेटेरियात बसून मराठीत काय बोलायचो तेही लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही: म्हातारीला पटापट गुंडाळा, डिसेंबरात गो-लाइव्ह आहे. त्या दोन टेबलं पलीकडे बसलेल्या असायच्या. मीही हसायचे.

आता मला सांगा यात मेरिट कुठे आलं. त्या कामाला इथे माणूस नव्हता म्हणून मला आणलं, असं कोणी म्हणूच शकत नाही, माणूस माझ्यासमोर बसून मला काम शिकवत होता. आणि ही एकट्या माझी गोष्ट नाही. २०१४-१५ मध्ये डिस्नीच्या ऑरलँडोतल्या साधारण अडीचशे लोकांना असंच काढलं, कॅलिफोर्नियात सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतही तेच. डिस्नीतला एक जण फेब्रुवारी २०१६ मध्ये सेनेटच्या समितीपुढे बोलायला उभा राहिला, माझ्या जागी येणाऱ्याला मीच शिकवलं हे सांगताना त्याला रडू आवरेना. तो व्हिडिओ मी बघितला आणि मला सारखी ती वही दिसत होती.

आपल्यातल्या कितीतरी जणांना, पंधरा-वीस वर्षं इथे राहूनही, हे माहीत नसतं की एच-वन द्यायच्या आधी इथला माणूस शोधून बघायची सक्ती बहुतेक कंपन्यांना कायद्याने नाहीच. सक्ती आहे ती मुख्यतः ज्यांचे १५ टक्के किंवा जास्त लोक एच-वनवर आहेत अशा मोठ्या कंपन्यांना, आणि त्यातही पळवाट आहे: पगार वर्षाला ६०,००० डॉलर किंवा जास्त असेल, किंवा माणूस मास्टर्स असेल, तर सूट. हा ६०,००० चा आकडा १९९८ च्या कायद्यातला आहे. १९९८! तेव्हापासून इथे दूध, भाडं, कॉलेजची फी कुठल्या कुठे गेली, तो आकडा मात्र एक डॉलरने हललेला नाही. एच-वनवाल्याला किमान किती पगार द्यायचा याच्या ज्या चार लेव्हल आहेत त्यातल्या पहिल्या दोन तर त्या गावातल्या त्या कामाच्या मधल्या पगाराच्याही खाली, लेव्हल वन म्हणजे खालून सतरा टक्क्यांवर. आणि आपण म्हणायचं आम्ही जगातले बेस्ट अँड ब्रायटेस्ट. मग बेस्ट माणसाला खालून सतराव्या टक्क्याचा पगार का?

आणि लॉटरीचं काय बोलायचं. ६५,००० अधिक इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा, आणि चिठ्ठ्या टाकून निवड. चिठ्ठीत कसलं आलंय मेरिट? २०२३ च्या मार्चमध्ये त्या जागांसाठी ७ लाख ८० हजार नावं आली, त्यातली ४ लाख ८ हजारांच्या वर अशा लोकांची होती ज्यांचं नाव एकाहून जास्त कंपन्यांनी टाकलं होतं. नोंदणीची फी होती १० डॉलर, मग काय, एकेका पोराचं नाव चार-पाच कन्सल्टन्सीकडून, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्यांकडून. पुढच्या वर्षी एका माणसाची एकच चिठ्ठी असा नियम आला आणि आकडा धाडकन ४ लाख ८० हजारांच्या आसपास आला. ज्या पोरांनी इमानदारीत एकच नाव टाकलं ती गेली बाराच्या भावात. एच-वनचे साधारण सत्तर टक्के अर्ज आपल्या भारतातल्या लोकांचे असतात, म्हणजे ज्यांचं नुकसान झालं तेही बरेचसे आपलेच, आणि ज्यांनी केलं तेही आपलेच.

ते कोण आहेत हे आपल्याला माहीत आहे. न्यू जर्सीत, डॅलसला, सगळीकडे. चार खोल्यांचं ऑफिस, बाहेर छान इंग्रजी नावाची पाटी, आणि आत पोरांच्या रेझ्युमेत सहा-सात वर्षांचा खोटा अनुभव भरायचं काम. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसलेल्या पोराला पगार द्यायचा नाही, हे बेकायदेशीर आहे तरी. क्लायंटकडून तासाला नव्वद डॉलर घ्यायचे आणि पोराच्या हातात पंचेचाळीस टेकवायचे, मध्ये दोन व्हेंडर. आणि हेच लोक गणपतीला आपल्या मंडळाचे ग्रँड स्पॉन्सर असतात, स्टेजवर शाल-श्रीफळ घेतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. मी दोन वर्षं आमच्या मंडळाच्या कमिटीत होते, असा चेक मी स्वतः घेतलाय, ढोल-ताशाच्या खर्चाला.

माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये आहे. एमएस केलं, सांगलीचं घर बँकेकडे तारण ठेवून चाळीस लाखांचं कर्ज आहे. ओपीटीवर आहे, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी, दोनदा लॉटरी हुकली. त्याच्या कन्सल्टन्सीने त्याला सांगितलं रेझ्युमेत पाच वर्षं टाक. मला फोन करून म्हणाला, मावशी, सगळेच टाकतात, मी नाही टाकली तर माझा रेझ्युमे कोणी उघडतच नाही. मी त्याला नको म्हणाले. तो म्हणाला, तुला सोपं आहे म्हणायला, तुझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे. यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि माझ्याच घरात माझी लेक आहे. तीन वर्षांची असताना माझ्याबरोबर आली, इथेच वाढली, मे २०२५ मध्ये स्टेट युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्स घेऊन पास झाली. चारशेच्या वर अर्ज केलेत, बहुतेकांना उत्तरही नाही. ती आळशी नाहीये मंडळी, तिला पाढेही येतात, मीच शिकवलेत, पावकी-निमकीसकट. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने २०२५ मध्ये दिलेले आकडे आहेत, नुकत्याच पास झालेल्या कॉम्प्युटर सायन्सवाल्यांत ६.१ टक्के बेकार, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांत ७.५ टक्के. हे सगळं व्हिसामुळे झालं असं मी म्हणत नाही, २०२१ मध्ये कंपन्यांनी वेड्यासारखी भरती केली, मग व्याजदर वाढले, आता एआय आहे. पण कायदा कसा आहे बघा: माझ्या लेकीला घेतलं तर कंपनीला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के भरावे लागतात, माझ्या भाच्याला ओपीटीवर घेतलं तर भरावे लागत नाहीत. दोघं मावस भावंडं, दिवाळीत एका ताटात चिवडा खाणारी, आणि कायद्याने एकाला दुसऱ्यापेक्षा स्वस्त करून ठेवलंय. यात त्या दोघांपैकी कोणाची काय चूक?

आता मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते, आणि त्यासाठी नवऱ्याची गोष्ट सांगावी लागेल. तो पुण्यात डिझाइन इंजिनीअर होता, माझ्याबरोबर एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आला आणि जवळजवळ नऊ वर्षं घरी होता, कारण एच-फोरवर एक तास काम करायलाही बंदी. पोरीला शाळेत सोडायचं, आणायचं, स्वयंपाक, आणि दुपारी लायब्ररीत जाऊन ऑटोकॅडची पुस्तकं चाळत बसायचं. त्या नऊ वर्षांत तो किती कमी बोलायला लागला हे मलाच माहीत. ग्रीन कार्डाची माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतल्या नंबराची तारीख, २००८ ची, ईबी-थ्री या गटातली. दर महिन्याला सरकारचं बुलेटिन यायचं आणि तारीख आठवडाभर पुढे सरकायची, कधी जागची हलायची नाही, कधी मागे जायची. कार्ड आलं २०१८ ला. हे का, तर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायका-पोरंही मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली जास्तीत जास्त ७ टक्के. भारत असो की आइसलँड, ७ टक्के.

त्या दहा वर्षांत मी कंपनीकडे कधी काही मागितलं नाही. मार्केटपेक्षा पगार कमी आहे हे दिसत होतं. वीकेंडचा सपोर्ट सगळा माझ्याकडे. नोकरी बदलता येते, कायद्याने ट्रान्सफर आहे, मंजूर झालेली तारीखही टिकते, पण लेबर, आय-१४० हे ग्रीन कार्डाचे कागद सगळे नव्या कंपनीने परत पहिल्यापासून करायचं, आणि त्यात लेऑफ झाला तर आज साठ दिवस मिळतात, २०१७ च्या आधी तेही नव्हते. घर, गाडी, पोरीची शाळा, घरी बसलेला नवरा, एवढं डोक्यावर असताना कोण तोंड उघडतं? मी उघडलं नाही.

तेव्हा मला कळलं, फार उशिरा कळलं, की कंपनीला त्या बाईंच्या जागी मी का हवी होते. कोबोल त्यांना माझ्यापेक्षा दसपट जास्त येत होतं. पण त्या नाही म्हणू शकत होत्या, रजा मागू शकत होत्या, पटलं नाही तर सोडून समोरच्या कंपनीत जाऊ शकत होत्या. मी जाऊ शकत नव्हते. माझ्यात त्यांनी जे विकत घेतलं ते हे.

मे २०१५ मध्ये एच-फोर ईएडी, म्हणजे एच-फोरवाल्यांना कामाचं परमिट, आलं, नवऱ्याला काम करता यायला लागलं, पहिल्या पे-स्टबचा फोटो त्याने सांगलीला, पुण्याला, सगळ्यांना पाठवला. पण ते येण्याच्या महिनाभर आधीच त्या नियमाविरुद्ध कोर्टात केस झाली होती, सेव्ह जॉब्स यूएसए नावाच्या ग्रुपने केलेली, आणि ती दहा वर्षं चालली, शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ऐकायला नकार दिला. दहा वर्षं आपण त्या लोकांना शिव्या घातल्या, मीही घातल्या. मग एक दिवस मी वाचलं की ते लोक कोण आहेत. ते त्या कॅलिफोर्नियाच्या वीज कंपनीतले आयटीवाले होते, ज्यांना एच-वनवाल्यांना केटी द्यायला लावून काढलं. म्हणजे तिकडे ती माणसं आणि इकडे माझा लायब्ररीत बसणारा नवरा, असे दोघं कोर्टात एकमेकांसमोर उभे, आणि ज्यांनी एकाला काढून दुसऱ्याच्या बायकोला बांधून ठेवलं ते त्या कोर्टरूममध्ये नव्हतेच.

म्हणून हे पत्र. मंडळी, ज्यांची नोकरी गेली त्यांना आळशी म्हणणं थांबवा. आपल्याविरुद्ध इंटरनेटवर किती घाण लिहिली जाते ते मी वाचते, माझ्या लेकीला तिच्या नावावरून कोणी काय लिहिलं तेही मला माहीत आहे, आणि त्या द्वेषाला मी काडीचीही सूट देत नाही. पण द्वेष करणारे वेगळे आणि पंचवीस वर्षं काम करून पुठ्ठ्याचा खोका घेऊन बाहेर पडलेले वेगळे. आपण दोघांना एकाच मापाने मोजतो, म्हणून दुसरे लोकही हळूहळू पहिल्यांकडे सरकतात.

डर्बिन आणि ग्रासली हे सेनेटर, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, २००७ पासून एच-वन सुधारायचं बिल पुन्हा पुन्हा मांडतायत. इथल्या माणसाला काढून त्याच्या जागी एच-वन आणायला मनाई, आधी इथे जाहिरात द्या, पगार वाढवा, असं आहे त्यात. आपल्या ग्रुपवर नाव निघालं की लगेच अँटी-इंडियन बिल. ते मी पूर्ण वाचलंय. निम्म्याहून जास्त लोक व्हिसावर असलेल्या कंपन्यांना नवे एच-वन बंद, असं जे कलम आहे त्याने आपल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांना त्रास होईल हे खरं. पण त्या कंपन्या म्हणजे भारत नव्हे आणि त्यांचं मार्जिन म्हणजे माझी देशभक्ती नव्हे. मला त्या बिलात एकच मोठी गोष्ट कमी वाटते, ती म्हणजे व्हिसा माणसाच्या हातात द्यायची. अर्ज कंपनीने करावा, पण एकदा माणूस आला की त्याला दुसऱ्या दिवशीही राजीनामा देऊन कुठेही जाता आलं पाहिजे, ग्रीन कार्डाची रांग त्याच्या नावावर, कंपनीच्या नावावर नाही. आणि ती ७ टक्क्यांची अट काढा. हे झालं की आपल्याला स्वस्तात राबवता येणार नाही, आणि स्वस्तात राबवता आलं नाही की इथल्या माणसाला काढून आपल्याला आणायचं कारणच राहत नाही. ज्याला खरंच एखादा माणूस हवाय तो तेव्हाही आणेल, पूर्ण पगार देऊन.

एक लाखाच्या फीने यातलं काहीच होत नाही. उलट माणूस अजून बांधला जाईल, एवढे पैसे भरलेली कंपनी त्याला सहज सोडेल का? नाहीतर काम सरळ हिंजवडी-खराडीला जाईल आणि इथे कोणालाच मिळणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जो दुसरा नियम आला, लॉटरीत जास्त पगाराच्या लेव्हलला जास्त चिठ्ठ्या, लेव्हल फोरला चार आणि लेव्हल वनला एक, तो मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, भाच्याला त्याचा फटका बसणार आहे तरी. त्याला मी हे सांगितलंय. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आपल्यातले जे आता सिटिझन झालेत त्यांना माझी विनंती आहे, मतदान करता ना, मग आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा आणि आम्ही भारतीय आहोत, आम्हाला पगाराची अट वाढवून हवीय आणि व्हिसा मोकळा करून हवाय, असं सांगा. मी केला होता. फोन घेणाऱ्या मुलाला आधी कळेचना मी कुठल्या बाजूची, दोनदा विचारलं त्याने. जे अजून व्हिसावर आहेत त्यांना मी चळवळ करा म्हणणार नाही, ती भीती मला माहीत आहे. पण बेंचवर पगार मिळत नसेल तर लेबर डिपार्टमेंटकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरून तक्रार करता येते, एवढं लक्षात ठेवा. आणि मंडळाच्या कमिट्यांनो, यंदाच्या गणपतीला त्या चेकना नाही म्हणा. ढोल कमी वाजले तरी चालतील. आमच्या कमिटीला मी हेच लेखी कळवलंय.

ती वही अजून माझ्याकडे आहे, बेसमेंटमध्ये, टॅक्सच्या जुन्या फाइलींच्या खोक्यात. क्लायंटची वस्तू, खरंतर परत करायला हवी होती. त्या बाईंना शोधायचा मी प्रयत्न केला, सापडल्या नाहीत, आता त्या पंच्याहत्तरच्या पुढे असतील. तुमच्यापैकी ज्यांनी कोणाकडून अशी केटी घेतली असेल, आणि तो माणूस अजून लिंक्डइनवर दिसत असेल, त्यांनी त्याला एक मेसेज करावा. काय लिहायचं ते मी सांगायला नको.

तुमचीच,
२००६ च्या बॅचची एक एच-वनवाली, न्यू जर्सी